आप्पा, तुमच्या जळक्या मोटारींबद्दल आभार

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तुमच्या रिवाइंडिंगच्या (मोटारीत नवी तार भरण्याच्या) दुकानातले जळके स्टेटर, म्हणजे मोटारीचे तार गुंडाळलेले स्थिर भाग, आमच्या कॉलेजच्या प्रास्ताविक वर्गाला दिलेत आणि आठवड्यातली एक दुपार मुलांसाठी राखलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितो आहोत. तुम्ही जे दाखवलंत ते शिरपूर, अमळनेर, नंदुरबारकडच्या वर्गांनाही तसंच्या तसं वापरता येईल.

ओळखवर्गाची अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. फिटर, वेल्डर, वायरमन, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रॉनिक्स, प्रत्येक कामाला जेमतेम दहा-बारा दिवस मिळतात. मूल कानशीने एक तुकडा घासतं, एक स्विचबोर्ड जोडतं आणि पुढच्या शॉपला जातं. एका कामाचा दुसऱ्याशी काय संबंध, हे त्याला कळतच नाही. विहिरीवरचा पाच एचपीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेला) टेबलावर आला आणि सगळी कामं त्या एका वस्तूभोवती गोळा झाली.

त्यातही सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे जळण्याचा नमुना वाचायला शिकवणं. पोरांनी विचारलं, "आप्पा, हाई मोटर काब जळनी?" (ही मोटार का जळली?) तुम्ही उत्तर दिलं नाहीत, स्टेटर त्यांच्यासमोर उभा केलात आणि कॉइलचे गट मोजायला लावलेत. दोन पोल (चुंबकीय ध्रुव), 24 स्लॉट (तारेच्या खाचा), तीन फेज, म्हणजे दोन गुणिले तीन, सहा गट. दोन गट काळे ठिक्कर, एक तांबूस, पुन्हा दोन काळे, एक तांबूस. ही स्टार जोडणीची मोटार (तीनही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली), आणि चालता चालता तिचा एक फेज गेला. उरलेल्या दोन फेजांनी तेवढाच भार ओढला, त्यांच्यातला करंट साधारण पावणेदोन पट झाला आणि तेच दोन जळाले. दुसऱ्या स्टेटरमध्ये उलटं होतं: एक गट काळा आणि दोन चांगले, मग पुन्हा तेच. ही डेल्टा (तीनही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेल्या). तिथे एक फेज गेला की एकच वाइंडिंग सरळ दोन तारांवर येते, बाकीच्या दोन एकामागे एक जोडल्यासारख्या होतात, म्हणून पहिलीवर सगळा ताण. तिसऱ्यात सहाही गट सारखेच करपलेले होते. कारण व्होल्टेज कमी, भार जास्त किंवा रोटर जाम. काळ्या गटांचा क्रम पाहून कारण सांगता येतं, हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या करपलेल्या वार्निशच्या वासाने पक्कं बसलं.

मग प्रश्न आला, फेज जातो कुठे? डीपीवरचा (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फ्यूज उडतो, स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट झिजतो, नाहीतर जॉइंट सैल असतो. चालती मोटार लगेच थांबत नाही, नुसती घुमते आणि तापते. बंद असेल तर सुरूच होत नाही, तिथेच हुं करत राहते. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) असला तर ती वाचते. ओव्हरलोड रिले (जास्त करंट झाला की मोटार बंद करणारा) नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावलेला असला तरी बहुधा वाचते. पाच एचपीच्या मोटारीला हा आकडा साधारण साडेसातच्या आसपास असतो, पण लावायचा तो नेमप्लेटवरचाच. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून तो वर फिरवून ठेवणं, काडी अडकवून दाबून ठेवणं किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणं, या तिन्ही गोष्टी तुम्ही मुलांना खोट्या करून दाखवल्यात आणि प्रत्येकीनंतर कुठला स्टेटर दुकानात येतो तेही सांगितलंत. टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) तीन तारांवर एकदम लावला तर शून्य दाखवतो, एकेक तार वेगळी धरायची असते. ही चूक पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येक जण करतो.

मापाचा धडाही तिथेच झाला. जुनी वाइंडिंग काढण्याआधी वहीत चार गोष्टी लिहायच्या: प्रत्येक कॉइलचे वेढे, तारेची जाडी, कॉइलची पिच (दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर) आणि जोडणी. त्यानंतर एका बाजूची टोकं छन्नीने कापायची आणि दुसऱ्या बाजूने ओढायची. शेगडीवर किंवा गॅसच्या ज्वाळेवर धरून जाळायचं नाही. स्टेटरच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन गेलं की नवी वाइंडिंग घातलेली मोटार रिकामी चालवली तरी तापते. तार मोजताना आधी टोकावरचा इनॅमल (तारेवरचा लेप) काढायचा, नाहीतर जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटर रॅचेटनेच बंद करायचा. मुलं अर्ध्या मिलिमीटरची रेघ पाहत नाहीत आणि 0.71 ऐवजी 0.21 लिहून मोकळी होतात. पहिली म्हणजे 22 गेजची तार. दुसरी खरी मानली तर नवी वाइंडिंग कधीच बसणार नाही. फिटर शॉपमध्ये आठवडाभर सांगूनही न उतरणारी गोष्ट त्या एका आकड्याने कळली.

प्लंबिंग आणि गवंडीकामालाही तुम्ही मोटारीवरूनच आणलंत. फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप) गळतो, सक्शन पाइप हवा खातो, मग पंप पाणी उचलत नाही आणि ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग आवळणारा भाग) कोरडी तापते. ग्लँडमधून पाणी थेंबथेंब गळायलाच हवं. पूर्ण बंद होईपर्यंत आवळली तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर खाच पडते. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर कसताना सुटते. पायाचं काँक्रीट 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी), आणि सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला वाळूतला ओलावा धरून जास्तीत जास्त 30 लिटर पाणी. आपल्याकडच्या उन्हात मिश्रण लवकर सुकतं म्हणून गवंडी वर पाणी ओततात आणि तिथेच ताकद जाते. गोणपाट ओलं ठेवून किमान दहा दिवस क्युरिंग. बोल्टची भोकं पत्र्याच्या साच्यावरून आखायची. पाया हलला की बेअरिंग जातं, बेअरिंग गेलं की रोटर स्टेटरला घासतो, आणि मोटार पुन्हा तुमच्याच दुकानात.

वेल्डिंगला तुम्ही थोडाच वेळ दिलात: पंपाच्या फ्रेमला 3.15 मिलिमीटरची 6013 प्रकारची रॉड, 90 ते 120 अँपिअर, रॉड ओली असेल तर सांध्यात छिद्रं. एवढं पुरलं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या तुकडीला मोबाइलवरून सुरू होणारा स्टार्टर करायचा होता. त्यांनी बोर्डावरचा छोटा रिले थेट स्टार्टरच्या कॉइलला जोडायला घेतला. तुम्ही हात धरलात. त्या रिलेचा कॉन्टॅक्ट 250 व्होल्टपर्यंतचा, आणि आपल्या स्टार्टरची कॉइल बहुधा 415 ची, म्हणून मध्ये वेगळा रिले हवाच. सुरू करायचा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर, थांबवायचा लाल बटणाच्या ओळीत (सिरीजमध्ये). आणि लाईट आली की लगेच मोटार सुरू करणारं ऑटो स्विच नको. रात्री लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक मोटार सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट घेते, व्होल्टेज खाली बसतं आणि सगळ्यात कमजोर मोटार पहिल्यांदा जाते. मुलांनी मग प्रोग्राममध्ये प्रत्येक पंपाला वेगवेगळा उशीर घातला, एक ते पाच मिनिटं. वर्गातलं हे काम आम्हाला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ते आपल्या शिवारातल्या खऱ्या अडचणीवरचं होतं.

तीनही स्टेटर शॉपच्या रॅकवर ठेवले आहेत, गटांवर खडूने नंबर घातले आहेत. पुढच्या तुकडीसाठी पाणबुडीची (सबमर्सिबल पंपाची) एक जळकी मोटारही हवी आहे. तिची तार पॉलीची (प्लास्टिकच्या आवरणाची) असल्याने जळण्याचा नमुना वेगळा दिसतो, आणि उतरवण्याआधी मोटारीत स्वच्छ पाणी भरायला विसरलं की काय होतं तेही उघडून दाखवता येईल. मिळाली तर निरोप द्या, आम्ही न्यायला येतो. दुकानातल्या दोन्ही कारागिरांनाही आमचे आभार सांगा. जाताना चहा घेतल्याशिवाय सुटका नाही, हे काकूंनाही सांगून ठेवा.

आपले,
प्रास्ताविक वर्गाचे निदेशक