मंत्रिमहोदय, हवेत बंद पडलेलं इंजिन कोणत्या खात्याचं?

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
राजीव गांधी भवन, सफदरजंग विमानतळ, नवी दिल्ली.

विषय : मोटर लावलेले ग्लायडर, त्यांची इंजिनं आणि २०२२ सालच्या आपल्या धोरणाबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय. याआधी हिंदीत अर्ज केला, मग मुलीकडून इंग्रजीत लिहून घेतला. दोन्हींना एकच उत्तर आलं : 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' तेच उत्तर याही पत्राला येणार असेल, तर निदान आपल्या भाषेत भांडल्याचं समाधान तरी मिळेल.

मी सातारा जिल्ह्यातला टू-स्ट्रोक मेकॅनिक. राजदूत, यझदी, आरएक्स हंड्रेड या गाड्यांवर माझा हात बसला. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या तसं माझं काम संपायला हवं होतं, पण तेवढ्यात कोकणच्या किनाऱ्यावर पॅरामोटर (पाठीला इंजिन-पंखा बांधून पॅराशूटसारख्या कापडाखाली उडायचं) आणि पॉवर्ड हँग ग्लायडर आले. त्या दुसऱ्याला आम्ही ट्राइक म्हणतो : वर कापडी पंख, खाली तीन चाकं, दोन सीटं आणि पाठीमागे इंजिन. पायलट पुष्कळ मिळतात, कार्बोरेटर उघडून बसणारा माणूस मिळत नाही. म्हणून मला बोलावणी येऊ लागली.

जानेवारीत अशाच एका ट्राइकच्या मागच्या सीटवर चाचणीसाठी बसलो होतो. सुरूच्या बनावर पोचलो आणि इंजिन एकदम जॅम झालं. फटफट नाही, धूर नाही, पंखा जागच्या जागी उभा. पायलट पोरगा हुशार. त्याने त्याच क्षणी नाक खाली घातलं, वेग राखला आणि मागे वळायचा मोह टाळला. तेवढ्या उंचीवरून मागे वळणारे मरतात. आम्ही एका चिऱ्याच्या गडग्यावर आदळलो. त्याचा खांदा निखळला. माझ्या उजव्या मांडीच्या हाडात आता रॉड आहे.

पोलीस आले. भले लोक होते, पण हे प्रकरण कोणत्या रकान्यात भरायचं हे त्यांना कळेना. मोटार वाहन कायद्यात बसत नाही. विमान म्हणावं तर नंबर नाही, बोट तर नाहीच. शेवटी पंचनाम्यात 'विमानसदृश वाहन' असं लिहिलं. इंजिन रीतसर जप्त झालं आणि रीतसर मालकाला परत गेलं. मधल्या काळात ते कुणी उघडलं नाही. मी दवाखान्यातून निरोप पाठवला, की दोन्ही सिलिंडर खोला, पिस्टन कोणत्या बाजूने खरवडलाय ते बघा, पाच मिनिटांत कारण कळेल. उत्तर मिळालं, की तुम्ही जखमी आहात, तुम्हाला तपासात घेता येणार नाही. बरोबर आहे. ज्यांना इंजिनातलं कळतं ते पलंगावर, आणि ज्यांना कळत नाही त्यांच्या हातात पंचनामा.

नंतर एक बैठक झाली. तिथे एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर शब्द दिला : पुढच्या हंगामाआधी इंजिन तपासणीची पद्धत ठरेल, तोवर या किनाऱ्यावर एकही पंखा फिरणार नाही. मी कुबड्यांवर त्या बैठकीला गेलो होतो आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. गेल्या रविवारी पुतण्याने व्हिडिओ पाठवला. तोच किनारा, तोच ट्राइक, इंजिनही तेच. फक्त फ्रेमला नवा निळा रंग लावलाय. मागच्या सीटवर एक बाई लहान मुलीला मांडीवर घेऊन बसलीय.

हे पत्र त्या व्हिडिओमुळे लिहितोय.

आपल्याच मंत्रालयाने ७ जून २०२२ रोजी राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. मी ते मुलीकडून वाचून घेतलंय. त्यात पॅराग्लायडिंग, पॅरामोटरिंग, ग्लायडिंग, पॉवर्ड ग्लायडिंग, हँग ग्लायडिंग, पॉवर्ड हँग ग्लायडिंग, फुगे, ड्रोन असे ११ प्रकार आहेत. वर एक राष्ट्रीय महासंघ, त्याखाली प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना, त्याखाली प्रादेशिक, त्याखाली जिल्हा, असा चार मजल्यांचा वाडा बांधलाय. साधनांची नोंदणी, माणसांची नोंदणी, सुरक्षेचे मानदंड, न पाळणाऱ्याला दंड, सगळं लिहिलंय. कमाईचा आकडा तर डोळे दिपवणारा : आज वर्षाला ८० ते १०० कोटींची उलाढाल, उद्या ८,००० ते १०,००० कोटी, आणि १ लाखाहून जास्त रोजगार. २०३० पर्यंत भारत हवाई खेळांत जगातल्या अव्वल देशांत.

महोदय, त्या १ लाखातला एक रोजगार माझा होता. तो सध्या कमोडच्या खुर्चीवर बसलाय.

चौथ्या मजल्यावरची ती जिल्हा संघटना आमच्याकडे कुठे बसते? मी तालुक्याला विचारलं, जिल्ह्याला विचारलं. एका टेबलावर सांगितलं, हे साहसी पर्यटन आहे, राज्याचं २०२१ चं धोरण बघा, पर्यटन खात्याकडे जा. पर्यटनाच्या टेबलावर म्हणाले, इंजिन आहे, उडतं, म्हणजे विमान, दिल्लीला लिहा. विमानांचा १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. नाव छान आहे. माझ्या गडग्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही. या राज्यात पॅरामोटर नेमकं कोण ओळखतं सांगू? मुंबई पोलीस. दर थोड्या दिवसांनी त्यांचा मनाई आदेश निघतो : ड्रोन, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर, मायक्रोलाइट (अगदी हलकी छोटी विमानं) उडवायला बंदी, अतिरेकी वापर करू शकतात. म्हणजे उद्या आम्ही घातपात केला तर आमच्यासाठी कलम तयार आहे. आमचा अपघात झाला तर नाही.

आता इंजिनाचं बोलतो, कारण ते कुणीच बोलत नाही.

रोटॅक्स ही ऑस्ट्रियन कंपनी. जगभरच्या ट्राइकांवर तिची इंजिनं दिसतात. (माझ्या अपघातातलं इंजिन तिचं नव्हतं, उगाच कुणावर आळ नको.) तिच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत कंपनीनेच बजावून ठेवलंय, की हे इंजिन त्याच्या रचनेमुळेच कधीही अचानक थांबू शकतं, जिथे इंजिन थांबल्यावर सुखरूप उतरता येणार नाही तिथून उडू नका. बनवणारा स्वतः सांगतोय, की थांबणार. मग नियमाची सुरुवात इथून व्हायला नको का? उड्डाणाची वाट झाडांवरून, गर्दीवरून जाऊ नये. पाण्यावर जायचं तर फुगणारं जॅकेट हवं, कारण पाठीला इंजिन बांधलेला पॅरामोटरवाला पाण्यात पडला की सरळ तळाला जातो. प्रत्येक क्षणाला समोर उतरायला मोकळी जागा दिसत असली पाहिजे. याला एक रुपया लागत नाही, फक्त किनाऱ्यावर चुन्याची रेघ मारणारा माणूस लागतो.

त्याच कंपनीचं ५८२ नावाचं इंजिन ३०० तास किंवा ५ वर्षं, जे आधी होईल तेव्हा, पूर्ण उघडायचं असतं. आमच्या किनाऱ्यांवर तास मोजतो कोण? मीटरच नसतो. 'चालतंय की, मग कशाला उघडायचं?' हे वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकलंय, की आता ते झोपेतही ऐकू येतं. एक्झॉस्टच्या स्प्रिंगा घ्या. पंखा मागे असतो, त्यामुळे जे सुटेल ते थेट पंख्यात जातं. बोटाएवढी स्प्रिंग पंख्याची पात फोडू शकते. म्हणून तिला लॉकवायर बांधायची असते. वायर किती रुपयांची? मी बांधायला गेलो तर एक मालक म्हणाला, काका, दिसायला बरं नाही दिसत.

दुसरं, इंजिन तापवणं. पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक पुरतं तापायच्या आत पूर्ण रेस केलं, तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि दोघं एकमेकांना धरतात. रांगेत पर्यटक उभे असले की तापवायला वेळ कुणाकडे असतो?

आणि आता पेट्रोल. इथे मी सांभाळून बोलतो, कारण आमच्या सातारा-सांगली-कोल्हापुरात इथेनॉलविरुद्ध बोलणं म्हणजे घरच्या उसावर रॉकेल ओतण्यासारखं आहे. माझ्या भावाचाही ऊस कारखान्यालाच जातो. पण खरं ते खरं. २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलं. अभिनंदन. ज्या गाडीत कॉम्प्युटर आहे ती आपली आपण जुळवून घेते. आमच्या कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं एक भोक, त्याला काय कळणार पेट्रोलमध्ये काय मिसळलंय? इथेनॉलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं. ते मिळालं नाही की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जॅम होतो. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणातली हवा, अर्धा भरलेला प्लास्टिकचा कॅन, आठवडाभर शेडमध्ये. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल ते घेऊन तळाशी बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीची नळी कुठून ओढते? तळातून. म्हणजे इंजिनाच्या पोटात ऑइलशिवाय पाणी आणि दारू. रोटॅक्स आपल्या चार-स्ट्रोक ९१२ इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल म्हणते. आपण पंपावर २० देता, आणि सामान्य माणसाला निवड नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ही निवड मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. गाडीवाला रस्त्याच्या कडेला थांबेल. आम्ही कुठे थांबू?

इंधनात पाणी आलं की काय होतं हे सरकारला माहीत नाही असंही नाही. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेलमधल्या पाण्याने बंद पडल्या, ढकलाव्या लागल्या. पंप लगेच सील! किती तत्पर प्रशासन. आमचं इंजिन बंद पडलं तेव्हा कुठलाही पंप सील झाला नाही, नमुनासुद्धा घेतला नाही. पुढच्या वेळी उडताना मागच्या सीटवर एखादा मुख्यमंत्री बसवून घ्यावा म्हणतो.

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी मोठं विमान पडलं. त्याचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात आला, यायलाच हवा होता. पण तुमच्या तपास यंत्रणेला २,२५० किलोंपेक्षा हलक्या यंत्रांचा तपास करणं बंधनकारक नाही, असं मला एका जाणकाराने सांगितलं. खोटं असेल तर खोडून काढा. म्हणजे मरायचं असेल तर वजनदार यंत्रातून मरावं. ब्रिटनची तपास संस्था दर महिन्याला अंक काढते, त्यात मायक्रोलाइटचं इंजिन बंद पडून शेतात उतरल्याचीही नोंद असते, कारणासकट. ते वाचून दुसऱ्या गावचा मेकॅनिक आपली नळी बदलतो. आमच्याकडे कोणतं इंजिन कुठे, कशाने बंद पडलं, याची एक वही नाही. प्रत्येक किनारा तेच नव्याने शिकतो, आणि फी पर्यटक भरतात.

जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंगमध्ये पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट गेला. तिथे इंजिन नव्हतं, पण पुढचं सगळं ओळखीचं : गुन्हा, अटक, काही दिवस बंदी, मग शांतता. बंदी घालणं सोपं आहे हो. बंदीत कुणाला पिस्टन बघावा लागत नाही. पण तिच्यात प्रामाणिक माणूस उपाशी राहतो आणि चोर पहाटे उडतो. मला बंदी नको. मी या यंत्रांवर जीव लावलाय.

माझं काय चाललंय तेही ऐका, आता लाज उरलेली नाही. खाली बसता येत नाही. मेकॅनिकला खाली बसता येत नसेल तर तो मेकॅनिक राहत नाही. गॅरेज बंद. मुलगा शिक्षण सोडून चाकणला लागला. अपघात विमा दर वर्षी इमानाने भरला होता. त्यांनी बारीक अक्षर दाखवलं, की प्रवासी विमानाच्या तिकिटाशिवाय इतर कुठल्याही उड्डाणातली दुखापत धरली जात नाही. बघा, विमा कंपनीला लगेच कळलं मी विमानात होतो. पोलिसांना कळलं नाही, पर्यटन खात्याला कळलं नाही, तुम्हालाही कळलेलं नाही. पैसे द्यायचे नसले की सगळ्या यंत्रणेला कायदा पाठ असतो, आणि जबाबदारी घ्यायची वेळ आली की तोच कायदा 'संबंधित विभागाकडे वर्ग' होतो.

मागणी मोठी नाही. धोरणातला खालचा मजला बांधा, नाहीतर वरचे तीन पाडा. प्रत्येक इंजिनाला तास मोजणारं मीटर आणि शिक्क्याची वही. कॅनवर पेट्रोल मिसळल्याची तारीख, आणि हवाई खेळांसाठी जिल्ह्यात एका तरी पंपावर बिनइथेनॉलचं पेट्रोल. इंजिन थांबल्याची प्रत्येक घटना, कुणी मेलं नाही तरी, नोंदवायची आणि सगळ्यांना वाचायला ठेवायची. अपघातानंतर इंजिन मालकाला देण्याआधी जाणकाराने उघडायचं. त्या निळ्या ट्राइकचं इंजिन तर या आठवड्यात उघडा. मी कुबड्या घेऊन येतो, पाने माझे.

आपला,
एक टू-स्ट्रोक मेकॅनिक,
जि. सातारा

प्रत : पर्यटन विभाग, मंत्रालय, मुंबई (कृपया दिल्लीला वर्ग करू नये, तिकडे एक प्रत आधीच गेली आहे).

ता. क. : तपासणीला साहेब पाठवलेत तर त्यांना सांगा, मालक इंजिनाचे कागद म्हणून आयातीचं बिल दाखवील. ते बघू नका. प्लग काढा आणि जादा तापून पांढरा पडलाय का ते बघा.