दादा, त्या सहा डेमोंसाठी थँक्यू

दादा,

तुझं खरं नाव मला माहीत नाही. स्टीम या गेमिंग अ‍ॅपवर जे होतं ते तुला न विचारता इथे टाकणं बरोबर वाटत नाही, पण तू हे वाचलंस तर लगेच ओळखशील. काउंटर-स्ट्राइकमध्ये मिराज मॅपवर सारखी ए साईट सोडून पळणारी, माईक नसलेली साताऱ्याची मुलगी, ती मी. फ्रेंडलिस्टमध्ये तू दीड वर्षापासून ऑफलाईन दिसतोयस, दोन-तीनदा मेसेज टाकला, उत्तर आलं नाही, आणि तुला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं हे मला सारखं खुपतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

२०२० चा लॉकडाऊन. मी सेकंड इयरला, कॉलेज बंद, घरी भावाचा जुना पीसी. काउंटर-स्ट्राइकचं नाव मला लहानपणापासून माहीत होतं, भाऊ शाळेत असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून त्याचं जुनं व्हर्जन १.६ खेळायला जायचा, आमच्याकडे तिथे मुली जायच्या नाहीत, मी आपली घरी बसून त्याच्याकडून गोष्टी ऐकायचे. त्याचं नंतरचं व्हर्जन सीएसगो २०१८ च्या डिसेंबरात फ्री झालेला, म्हणजे आईकडे पैसे मागायची गरज नव्हती. डाउनलोड केला आणि मुंबई सर्व्हरवर कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे रँकसाठीच्या मॅच, खेळायला लागले. पाच विरुद्ध पाच, एक टीम ए किंवा बी साईटवर बॉम्ब लावायला बघते, दुसरी, म्हणजे सीटी, तिला अडवते.

पहिल्या तीन-चार महिन्यांत काय काय ऐकलं ते मी घरी कुणालाच सांगितलं नाही. माईक एकदाच लावला. आवाज मुलीचा आहे म्हटल्यावर जे सुरू झालं ते मी इथे लिहिणार नाही, त्या रात्री माईक काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्यानंतर नुसतं टाइप करायचे. तरी बॉट, नूब, अनइन्स्टॉल कर, आईबहिणीवरून, हे चालूच. एकदा पिस्तूलवाला पहिला राउंड हरलो, पुढच्याला बाकीचे चौघे गेममधले पैसे वाचवत होते आणि मी एकटीने होते नव्हते ते सगळे पैसे घालून गन घेतली. मला इको म्हणजे काय हेच माहीत नव्हतं रे. राउंड हरला तरी कमीत कमी १४०० मिळतात, सलग हरत गेलं की ५००-५०० ने वाढत ३४०० पर्यंत जातात, म्हणून सगळ्यांनी एकत्र थांबायचं आणि पुढच्या राउंडला एकत्र चांगल्या गन घ्यायच्या, एवढंच होतं ते. दोन वाक्यं. पण त्या मुलाने ती दोन वाक्यं नाही सांगितली, तो पुढचे दहा-बारा राउंड मला शिव्या घालत राहिला आणि मॅच संपल्यावर मला फक्त एवढं कळलेलं की आपलं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते नाहीच. दुसऱ्या दिवशी मी परत तेच केलं, परत शिव्या खाल्ल्या.

आणि दुसरी बाजूही सांगते कारण तीही तितकीच खरी आहे. कॉलेजच्या ग्रुपमधले दोन मित्र माझ्याबरोबर खेळायचे, ते स्वभावाने खूप चांगले, मी काहीही केलं तरी "भारी खेळलीस", "नाइस ट्राय", "होतं गं असं". त्यांच्यामुळे मी गेम सोडला नाही हे खरंय, त्यांचेही उपकार आहेतच, पण त्या सगळ्या दिवसांत माझा खेळ तसूभरही सुधारला नाही. शिव्या देणाऱ्यांनी मला काही शिकवलं नाही आणि कौतुक करणाऱ्यांनीही नाही.

मग तू भेटलास. रँडम मॅच, मिराज, आपण सीटी साईडला. मी ए साईटवर होते, बीकडे एक स्मोक (धुराचा ग्रेनेड) पडल्याचा आवाज आला आणि मी सगळं सोडून बीजवळच्या मार्केटकडे पळाले. ए रिकामी. ते आरामात आले, बॉम्ब लावला, राउंड गेला. तू माईकवर स्वतःशीच पुटपुटलास, "अरे काय करतोयस यार तू." मी टाइप केलं, मराठी? तू हो म्हणालास आणि लगेच विचारलंस, "ए का सोडलीस? किती जणांचे पाय ऐकलेस? बॉम्ब दिसला कुणाकडे?" मी म्हटलं नाही, फक्त स्मोकचा आवाज आला. तर तू म्हणालास, "स्मोक म्हणजे माणूस नाही. पुढच्या वेळी तीन जण ऐकू येईपर्यंत जागा सोडू नकोस." बस्स. पुढचा राउंड सुरू.

त्या वाक्यावर मी नंतर खूप विचार केलाय. तू चिडलेला होतास, आवाजात स्पष्ट कळत होतं, गोड-बिड काही बोलला नाहीस. पण मी कशी आहे याबद्दल त्यात एक शब्द नव्हता, जे होतं ते राउंडबद्दल होतं आणि पुढच्या राउंडला लगेच करून बघता येईल असं होतं. लोकांना वाटतं की नीट बोलणं म्हणजे हळू आवाजात, गोड गोड बोलणं. मला नाही वाटत. मला तुझ्यासारखं कडक कुणी बोललेलं नाही, आणि तुझ्याइतका फायदाही कुणामुळे झालेला नाही.

मी मुलगी आहे हे तुला तिसऱ्या-चौथ्या मॅचला कळलं, मी टाइप करताना "मी बघते" लिहिलं त्यावरून. तुझं "करतोयस"चं "करतेयस" झालं आणि तेवढंच बदललं. ना तू जास्त गोड झालास, ना चुका दाखवायचं कमी केलंस, ना फोटो मागितलास. ज्या मुली खेळतात त्यांना कळेल मी हे का लिहितेय. माईक मी आठवड्याभराने ड्रॉवरमधून काढला.

आता डेमोंबद्दल. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, डेमो म्हणजे झालेल्या मॅचचं रेकॉर्डिंग, पण साधा व्हिडिओ नाही, त्यात दहापैकी कुणाच्याही डोळ्यांनी तीच मॅच परत बघता येते, थांबवून, हळू करून, भिंतीपलीकडे कोण उभा होता तेसुद्धा. तू माझे सहा डेमो बघितलेस. एकेक मॅच तासाभराची, दिवसभर काम करून आल्यावर तू ते बघायचास आणि मला मेसेज यायचा. दर वेळी एकच गोष्ट. मी एकदा विचारलेलं, बाकीच्या चुका पण सांग ना, तर म्हणालास एक सुटली की दुसरी सांगतो, पाच सांगितल्या तर एकही सुटणार नाही.

पहिली होती, पळताना जमिनीकडे बघतेस, क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) डोक्याच्या उंचीवर ठेव. दुसरी मला तोंडपाठ आहे, "तीन गोळ्या मारतेस आणि रिलोड करतेस, एके गनमध्ये ३० असतात, २७ शिल्लक असताना कसली घाई? राउंड ९, १४, २२ बघ, तिन्ही वेळा रिलोड करताना मेलीस." मी बघितलं. तिन्ही वेळा खरंच रिलोड करताना मेले होते! मला आधी वाटायचं माझं एम (नेम) खराब आहे, पीसी स्लो आहे, नेट वाईट आहे. राउंडचा नंबर दिलास ना तू, त्यामुळे वाद घालायला जागाच राहिली नाही आणि वाईटही वाटलं नाही. कुणाच्या मताने मी वाईट खेळत नव्हते, एक बटण चुकीच्या वेळी दाबत होते.

आणि डेमोत कधीकधी माझी बाजूही निघायची. एका मॅचमध्ये टीममधला एक जण ओरडून ओरडून मला बोललेला की तू बीला का नाही आलीस, तू डेमो बघून सांगितलंस की "तुझी जागा बरोबर होती, त्यानेच आधी ए म्हणून कॉल दिलेला." मला त्या दिवशी केवढं हलकं वाटलं सांगू. महिनोन्महिने शिव्या ऐकल्या की प्रत्येक हरलेला राउंड आपल्यामुळेच गेला असं वाटायला लागतं.

अजून एक गोष्ट तुझ्याकडून शिकले आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. वन व्हर्सेस वन, बॉम्ब लागलेला, मी एकटी जिवंत. मेलेले चौघे आपल्याला मागून बघत असतात, त्यांना वाटतं त्यांना सगळं दिसतंय. तिघे एकदम ओरडत होते, डिफ्यूज कर, मागे बघ, काय करतेयस. बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो, डिफ्यूजला, म्हणजे बॉम्ब निकामी करायला, किट नसेल तर १० सेकंद लागतात, किट असेल तर ५. माझ्याकडे किट नव्हतं. आणि त्या आरडाओरड्यात मला त्याच्या पावलांचा आवाजच आला नाही, तो मागून आला आणि मारून गेला. ह्या गेममध्ये कान हेच अर्धे डोळे आहेत, म्हणजे ओरडणाऱ्यांनी माझे डोळेच बांधले आणि वर मला आंधळी म्हणाले. तू त्या पूर्ण वेळात गप्प होतास. राउंड संपल्यावर फक्त "किट ४०० चं आहे, सीटीला असताना घेत जा." कधी बोलायचं नाही हे कळणारी माणसं ह्या गेममध्ये मला फार थोडी भेटली. एकदा तर तू स्वतःच म्हणालास, "थांब, आत्ता मी चिडलोय, मॅच संपल्यावर बोलतो," आणि अर्ध्या तासाने खरंच शांतपणे बोललास.

आता जे सांगायला जड जातंय ते. मी गोल्ड नोव्हा रँकला पोचले होते, थोडं येत होतं, आणि एका रात्री टीममध्ये एक लहान मुलगा आला, आवाजावरून तेरा-चौदाचा असेल. रॅम्पवरून पुश करताना तो काहीच न करता उभा राहिला आणि मेला, त्याच्यामागे आम्ही सगळे मेलो. मी माईकवर त्याला म्हणाले अनइन्स्टॉल कर. मी! ज्या शब्दांनी मी महिनाभर नीट झोपले नव्हते तेच शब्द माझ्या तोंडून आले, आणि बाकीचे हसले म्हणून मी अजून दोन वाक्यं बोलले. पोरगा नंतर पूर्ण मॅच बोलला नाही. तूही तेव्हा काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला, राउंड १७ बघ, त्या पोराच्या बाजूने.

बघितलं. स्क्रीन पूर्ण पांढरी. तो उभा नव्हता राहिला, त्याला काही दिसतच नव्हतं. डोळे दिपवणारा तो फ्लॅश ग्रेनेड माझा होता.

त्याच्याखाली तू काहीही लिहिलं नव्हतंस. तू जर मला सगळ्यांसमोर झापलं असतंस तर मी भांडले असते, मी काय वाईट बोलले, सगळेच बोलतात वगैरे. भांडायलाच काही ठेवलं नाहीस. त्या मुलाला मी सॉरी म्हणायला रिक्वेस्ट पाठवली, त्याने घेतली नाही, आणि ते मला अजून लागतं.

लोक म्हणतात एवढं काय, म्यूट करायचं ना. करते की. २०२० मध्येच गेमच्या कंपनीने, वाल्वने, असं केलं की ज्यांच्याविरुद्ध खूप जास्त रिपोर्ट येतात ते आपोआप म्यूट होतात, ते बरंच झालं, माझ्यासारखीच्या कानांना तेवढाच आराम. पण म्यूट केलं की शिव्या जातात आणि "कनेक्टरमध्ये एक आहे" ही समोरचा कुठे आहे ती माहितीही जाते. लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या ऑनलाईन गेमवाल्यांनी २०२१ च्या ऑक्टोबरात समोरच्या टीमशी बोलायचा चॅट बंद केला पण स्वतःच्या टीमचा चालू ठेवला, तिथेही घाण बोलतात हे माहीत असून, कारण टीमला आपसात बोलल्याशिवाय खेळताच येत नाही. सगळ्यांना म्यूट करून मी बसले असते तर तुझं ते स्मोकवालं वाक्यही मला ऐकू आलं नसतं, हे मी विसरत नाही. म्हणून आजही मॅच सुरू होताना सगळ्यांचे माईक चालू ठेवते, आणि कुणी घाण बोललं की त्या एकाला बंद करते.

मॅच संपल्यावर कमेंडमध्ये, म्हणजे दुसऱ्या खेळाडूला शाबासकी द्यायला, तीन बटणं असायची, फ्रेंडली, टीचर आणि लीडर. टीचर मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी दाबलं होतं. तुला कळलं होतं की नाही माहीत नाही.

आता पुण्यात नोकरी करते, आठवड्यातून दोन-तीन रात्री खेळते. २०२३ च्या सप्टेंबरात सीएस टू आला, मॅचेस लहान झाल्या, पूर्वी १६ राउंड जिंकायला लागायचे आता १३, तुला कदाचित आवडलं असतं, कामावरून दमून येणाऱ्या माणसाला सोपं. मामाचा मुलगा खेळायला लागलाय, त्याचे डेमो मी बघते. एका वेळी एकच गोष्ट सांगते, राउंडच्या नंबरासकट. कधी कधी फार चिडचिड होते, तेव्हा त्याला सांगते थांब, आत्ता नको, जेवल्यावर बोलू.

तुझे ते सहा डेमो हार्ड डिस्कवर आहेत पण नव्या गेममध्ये उघडत नाहीत. मेसेजेस मात्र मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवलेले. क्रॉसहेअर सुटलं, रिलोड सुटलं, किट घ्यायला लागले, एकटीने गन घेत नाही, ए सोडत नाही. सहावं राहिलंय, "मॉली (आगीचा ग्रेनेड) पडली की घाबरून उघड्यावर पळतेस, आधी मागे कुठे जायचं ते ठरवून उभी राहत जा." ते अजून जमत नाहीये दादा, परवाच इन्फर्नो मॅपवर परत तसंच झालं. कधी ऑनलाईन आलास तर एक डेमो पाठवते, बघून सांग.