आमचं पाळणाघर तपासायला या

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेली २१ वर्षं मी राहत्या घरात पाळणाघर चालवते. एवढ्या काळात गॅसची नळी बघायला माणूस आला, विजेचा मीटर बघायला आला, डासांच्या अळ्या शोधायला आलेले तर कुंडीखालच्या ताटलीतलं पाणीही ओतून गेले. मुलं कशी आहेत ते बघायला मात्र कोणी आलं नाही.

अंगणवाडीवर निदान मुख्यसेविका तरी असते. आमच्यासारख्यांवर कोण? दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा थोडेच कामगार असले की नोंदणी न मागता नुसत्या सूचनेवर भागवतो, आणि तो बघतो कामगारांकडे, बाळांकडे नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभाही दिली. चांगलंच झालं. पण बहुतेक आया नोकरी करतात ती त्याहून लहान जागी, आणि मुलं येतात माझ्यासारखीच्या घरी.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं चित्रण सगळ्यांनी पाहिलं. दहा महिन्यांच्या बाळाला सांभाळणारी बाईच मारत होती. त्या आठवड्यात माझ्याकडच्या आया दारातच बाळाचं अंग उघडं करून बघत होत्या. मला राग आला नाही, मीही तेच केलं असतं. मग सगळे कॅमेऱ्याच्या मागे लागले. मीही बसवला. पण कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही.

तपासणी सुरू कराल तेव्हा कृपा करून फाइल मागणारा माणूस पाठवू नका. फाइल मी एका रात्रीत तयार करीन. दुपारी दीडच्या सुमाराला येणारी बाई पाठवा, न कळवता. तेव्हा मुलं झोपलेली असतात आणि सांभाळणारीलाही डुलकी येत असते. एक वर्षाखालचं बाळ उताणं झोपलंय ना, तोंडाजवळ उशी-दुपटं नाही ना, हे तिने बघावं. एखादं मूल रडत उठलं तर कुणाकडे धावतं ते बघावं. मूल सांभाळणारीच्या कुशीत शिरतं की तिला बघून गप्प होतं, यातून जे कळतं ते कुठल्याच रजिस्टरात मिळणार नाही. म्हणून येणारीला तान्ह्या मुलांची सवय हवी. मुरलेली मुख्यसेविका किंवा परिचारिका चालेल.

आणि हात मोजा. इंग्लंडच्या पाळणाघरांत दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. आपल्याला ते परवडणार नाही म्हणतील. पण एकीचं लंगोट बदलताना दुसरी पाटावर चढते, तिसऱ्याच्या तोंडात काहीतरी गेलेलं असतं; मला दोनच हात आहेत. एका बाईकडे पाचवं रांगतं मूल आलं की मी पुढचं नाकारते. सगळ्यांना ते जमत नाही, कारण फी तेवढीच आणि घरभाडं तेवढंच.

इथे माझी भीतीही सांगते. नियम आले की चिरीमिरी येते. हजारोंची नोंदणी फी लावलीत, अमुक चौरस फूट जागा हवीच म्हणालात, तर माझ्यासारख्या बायका दारावरची पाटी काढतील आणि मुलं तशीच येत राहतील, फक्त दिसेनाशी होतील. फी नाममात्र ठेवा. उणीव सापडली तर सुधारायला मुदत द्या. मुलाच्या जिवाला धोका असेल तिथे मात्र त्याच दिवशी कुलूप लावा. आणि अहवाल दारावर चिकटवायला लावा, मोठ्या अक्षरात. आईबापांनी वाचला की तडजोडीला जागा उरत नाही.

माझ्यापासूनच सुरुवात करा. कळवू नका. फक्त येणारीला एवढं सांगा, की बेल वाजवू नको, दार हलकेच ठोठाव. मुलं नुकतीच झोपलेली असतात.

आपली नम्र,
एक पाळणाघरवाली काकू