ओपीडीच्या तारखेला सोबत हवी आहे

दिवा पूर्वेतल्या समस्त रहिवाशांना मंडळाचा नमस्कार.

यंदा गणपतीच्या वर्गणीसोबत आणखी एक पावती फाडणार आहोत. तिचं कारण आधी ऐका.

आपल्या चाळीतला एक मुलगा तीन वर्षांत चौथ्यांदा मनोरुग्णालयात ॲडमिट झाला. (घरच्यांना विचारूनच लिहितोय.) "त्याचं काही खरं नाही" असं आपण सगळेच बोललो, मंडळाच्या कट्ट्यावरसुद्धा. परवा त्याच्या आईने केसपेपरची पिशवी आमच्यासमोर रिकामी केली. प्रत्येक भरतीच्या महिना-दोन महिने आधी ओपीडीची तारीख चुकलेली. एकदा तिला कामावरून सुट्टी मिळाली नाही. एकदा लोकलमध्ये चढताच आलं नाही. ज्याच्या कानात आधीच आवाज, त्याने सकाळी आठला दिव्याच्या फलाटावर उभं राहायचं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पुढे हात थरथरतात, दिवसभर गुंगी येते म्हणून त्यानेच गोळ्या टाकल्या. तुळशीच्या कुंडीत सापडल्या. मामा म्हणालेच होते, बरा झालाय तर गोळ्या कशाला!

इथेच घरचे फसतात. गोळी थांबली की आजार लगेच उलटतोच असं नाही, कित्येकदा काही आठवडे सगळं छान चालतं. त्यात दारू, जागरण, घरातले टोमणे, हाताला काम नाही. गोळीचा त्रास डॉक्टरांना सांगितला तर डोस किंवा गोळी बदलता येते, काहींना महिन्याचं इंजेक्शनही चालतं. पण सांगायला वेळेवर तिथे पोचायला हवं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, आपल्यापासून तीन स्टेशनं आणि पुढे रिक्षा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला चारचौघांत राहायचा हक्कही दिलाय.

महिन्यातली एक सकाळ देतील असे दहा-बारा जण हवेत. पैसे तिकीट-रिक्षा, बाहेरून आणाव्या लागणाऱ्या गोळ्या आणि सोबत जाणाऱ्या घरच्यांचा बुडालेला रोज यासाठी. दुकानदारांनी अर्ध्या दिवसाचं काम दिलं तर फारच उत्तम. मंडळात संध्याकाळी सात ते नऊ या. फळ्यावर हिशोब लागेल, रुग्णाचं नाव नाही. रात्रीबेरात्री कोणाला बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

मुलाला पुढच्या आठवड्यात घरी सोडतायत. पहिली तारीख त्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळची. आईला त्या दिवशी सुट्टी नाही.