मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: लेकरं होईपर्यंतच आम्ही तुमच्या हिशेबात का?

मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली. सरकारी मराठी शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक करते. वय एकोणपन्नास. आपल्या कार्यालयाला साधा अर्ज करणार होते, पण सीमाभागातल्या अर्जांचं काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पाळी जायच्या वयातल्या आम्हा बायकांचा त्रास चारचौघांसमोर लिहितेय.

महिला दिनाला आमच्याकडं मोठं शिबिर झालं. मंडप, हारतुरे, भाषणं. मंचावरून जाहीर झालं की आता दर बुधवारी तालुक्याला दवाखान्यात पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांची वेगळी तपासणी होणार. लेडी डॉक्टर असणार, मराठी येणारी सिस्टर असणार, हाडांच्या गोळ्या फुकट मिळणार. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वयाच्या बाईचं कुणी नाव घेतलं, याचंच अप्रूप वाटलं होतं.

गेल्या बुधवारी शाळेतनं रजा काढून, म्हणजे त्या दिवसाच्या मानधनावर पाणी सोडून, मी गेले. दारावर कन्नडमधला फलक, त्याला उद्घाटनाचा झेंडूचा हार अजून तसाच, वाळून काळा पडलेला. दाराला कुलूप. खिडकीतनं बघितलं तर आत सलाईनची खोकी छतापर्यंत रचलेली. चिठ्ठीच्या खिडकीवर विचारलं, तर तो माणूस म्हणाला, असलं काही इथं नाही, साध्या ओपीडीच्या रांगेत थांबा.

थांबले. नंबर आला तेव्हा आत तरुण डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना मराठी येत नव्हतं. मला बाजारापुरतं, बसपुरतं कन्नड येतं. वांगी कशी दिली ते मी कन्नडमध्ये विचारते. भाताचं पातेलं उचललं की लघवी सुटते, खाली आग होते, नवरा जवळ आला की रडू येईल इतकं दुखतं, हे मी कुठल्या कन्नडमध्ये सांगू? डॉक्टरांनी वॉर्डबॉयला हाक मारली. तो माझं बोलणं मोठ्यानं कन्नडमध्ये सांगायला लागला. दार उघडं, मागं रांग, आणि रांगेत आमच्याच शाळेतल्या एका पोराचे आजोबा. माझं तोंड बंद झालं. गुडघा दुखतो एवढंच सांगितलं. पाळीचं त्यांनीच विचारलं. वर्ष झालं म्हटल्यावर उत्तर आलं, वय झालं, असंच होणार, फारच त्रास असेल तर गर्भाची पिशवी काढून टाका. गुडघ्याच्या गोळ्या लिहिल्या. बाहेर आल्यावर पिशवी कुठल्या खाजगी दवाखान्यात स्वस्तात काढतात, ते मला त्याच वॉर्डबॉयनं सांगितलं.

साहेब, माझा त्रास काय आहे तो आता इथंच लिहिते, म्हणजे मध्ये कुणी सांगणारा नको. शेगडीपुढं उभी असताना छातीतनं एकदम आग उठते, मानेवरनं डोक्यात जाते, पदर भिजतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत अंग गार पडतं. रात्री हेच. अंथरूण ओलं होतं, उठून बसते, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. काही कारण नसताना छाती धडधडते. गेल्या पावसाळ्यात पोरांना वाढता वाढता मला रडू फुटलं. पोरं घाबरली. मुख्याध्यापक बाईंनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, मलाही होतं. त्या शिकलेल्या, पगारदार, तरी त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. माझी सासू तर याच वयात ‘डोकं फिरलेली’ ठरली होती. बाहेरची बाधा म्हणून तिला देवऋषाकडं नेलं होतं.

माझी भाची बेळगावात नर्सिंग शिकते. तिनं मला बसवून जे सांगितलं, ते तुमच्या एकाही दवाखान्यात मला कुणी सांगितलं नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्या देशात बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या आधी. अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं बायकांचं हार्मोन कमी होतं, त्यानं हे घाम, ही जळजळ, ही झोपमोड. पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्यानं होते, म्हणून आमच्या बायका न्हाणीत घसरल्या की मनगट नाही तर खुबा मोडून बसतात. लघवी सुटते त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, त्याला एक पैसा लागत नाही. खालच्या कोरडेपणावर लावायचं मलम आहे. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईला तपासून हार्मोनची गोळी देता येते. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील, तर द्यायची नाही. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, जोडीला दुसरं हार्मोन लागतं. आणि एकदा पाळी गेल्यावर वर्षानं परत अंगावरून गेलं तर ते ‘उष्णतेनं’ म्हणून सोडून द्यायचं नाही, कॅन्सर नाही ना ते तपासायचं. ही शेवटची गोष्ट आमच्या गल्लीत एकाही बाईला माहीत नव्हती. एकीलाही नाही!

इतकं सगळं करता येतं, आणि आम्हाला सांगायचं काय, तर पिशवी काढा. पिशवी काढल्यानं घाम थांबत नाही, झोप येत नाही. तिच्याबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा त्रास एका दिवसात अंगावर कोसळतो. माझ्या धाकट्या जावेचं तेच झालं. अडतिसाव्या वर्षी, अंगावर पांढरं जातं एवढ्यावरून. दोन गुंठे जमीन गहाण पडली. आज ती माझ्यापेक्षा म्हातारी दिसते, जिना चढताना कंबर धरते.

हावेरी जिल्ह्यातल्या लंबाणी म्हणजे बंजारा तांड्यांवरच्या बायका विनाकारण पिशव्या काढल्याची तक्रार घेऊन 2023 साली रस्त्यावर पायी उतरल्या होत्या. त्याच साली सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना बजावलं की अशा नको त्या शस्त्रक्रिया रोखायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा. त्यात जिल्ह्याला देखरेख समिती करायला सांगितलीय. आमच्या जिल्ह्यात ती बसते का, कधी बसते, माझ्या जावेसारख्या किती बायकांच्या फाइली तिनं उघडल्या, ते जाहीर करा.

आमच्या आशाताईंची वही मी बघितलीय. गरोदर बाई, बाळंतीण, लसीचं बाळ, कुटुंबनियोजन. ऑपरेशन झालं की बाई वहीतनं बाहेर. घरोघरी बीपी-शुगर तपासायला माणसं येतात, चांगलंच आहे, पण झोप लागते का, लघवी सुटते का, हे विचारायला त्यांच्या कागदावर जागाच नाही. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या वर माणसं होती. त्यातल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका माझ्या हिशेबानं चार-पाच लाख तरी भरतील. मतदानाला त्या सगळ्या सापडतात. पाळीची पगारी रजा दिलीत, वर्षाला बारा दिवस, त्याचं कौतुक आहे. पण आम्हा मानधनवाल्यांना ती कोण देतो? आणि पाळी गेल्यावर रात्र रात्र न झोपलेल्या बाईला कुठली रजा? गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार देता. माझे त्यातले निम्मे खाजगी दवाखान्यात जातात.

आणि बोलायचंच तर पुरतं बोलते. 1956 पासून आम्ही नकाशाच्या भांडणात अडकलोय. 2023 मध्ये महाराष्ट्रानं इथल्या 865 गावांना आपली आरोग्य विमा योजना द्यायचं ठरवलं, तर इकडच्या सरकारनं विरोध केला. ठीक आहे, तुमचं राज्य, तुमचा मान. मग स्वतः तरी द्या! तिकडचे पुढारी वर्षातनं एकदा ‘बेळगाव आमचं’ म्हणून घसा कोरडा करतात, इकडचे ‘इंचभर जमीन देणार नाही’ म्हणतात. जमीन ठेवा नाही तर न्या. तिच्यावर राबणाऱ्या बाईला दुखतं कुठं, हे दोन्हीकडच्या एकानंही विचारलेलं नाही. बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे तुमच्या विधानभवनात, दर हिवाळ्यात अधिवेशन भरतं, रस्ते धुतले जातात, आणि जांबोटी-कणकुंबीकडची बाई वडापाच्या जीपला लटकून खानापूर गाठते आणि कुलूप बघून परत जाते.

मला पाहिजे ते फार नाही. बुधवारची ती खोली उघडा, खोकी दुसरीकडं ठेवा. आत लेडी डॉक्टर आणि मराठी बोलणारी सिस्टर बसवा, आणि दार लावून तपासा. कॅल्शियम, मलम, हार्मोनच्या गोळ्या तालुक्याच्या औषधखिडकीवर ठेवा. आशाताईंच्या वहीत आमच्यासाठी एक पान वाढवा, आणि त्या पानाचे त्यांना वेगळे पैसे द्या, त्याही आमच्याच वयाच्या आहेत. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय कुणाची पिशवी काढू देऊ नका. संमतीचा कागद मराठीतही छापा. माझ्या जावेनं ज्याच्यावर अंगठा दिला, त्यात काय लिहिलं होतं ते तिला आजही माहीत नाही.

पुढच्या अधिवेशनापर्यंत कुलूप निघालं नाही, तर शाळांतल्या आम्ही स्वयंपाकीणबाया, आशाताया, अंगणवाडीच्या बाया सुवर्णसौधासमोर येऊन बसणार आहोत. परवानगीचा अर्ज आजच टाकलाय, कन्नडमध्ये लिहून.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक स्वयंपाकीण