रेनकोटवाल्याच्या आईकडून मोठ्या शिशूच्या ताईंना

ताई, नमस्कार,

परवा प्रगतिपुस्तक हातात आलं. त्यात तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'गप्पा भरपूर मारतो, कात्री जपून वापरतो, भाजी संपवतो पण पोळी मित्राला देतो.' हे वाचून मी रिक्षात आधी हसले आणि मग चक्क रडायलाच लागले, तर रिक्षावाले काका आरशातून बघून म्हणाले, नापास झाला का हो पोरगा? मोठ्या शिशूत कोण नापास होतंय, पण त्यांना कुठून सुरुवात करून सांगणार. तुमच्यासमोर तर मला बोलताच येत नाही, मी तोंड उघडलं की तुम्ही 'अहो त्यात काय एवढं' म्हणून पुढच्या पालकांकडे वळता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव घालत नाहीये, तुम्हाला आवडायचं नाही.

आमच्या चिरंजीवांचा पिवळा रेनकोट आता अख्ख्या शाळेला माहितीये. आजोबांनी 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन साइझ मोठा आणलेला, घातला की आत मूल आहे की नाही ते शोधावं लागायचं. हा तो घरात, लिफ्टमध्ये, डिसेंबरात, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे घालणार. का रे बाबा, तर 'पाऊस आला तर?' आता डोंबिवलीत राहून या प्रश्नाला काय उत्तर देणार, तुम्हीच सांगा.

आधीची शाळा मोठी होती, एसी वर्ग, गेटवर स्मार्ट कार्ड. अ‍ॅडमिशनच्या वेळी आम्हा दोघांनाही समोर बसवून प्रश्न विचारले आणि याला प्लास्टिकचं वांगं दाखवून 'व्हॉट इज धिस?' तर हा म्हणाला, 'भरली वांगी'. (मला अजूनही वाटतं की उत्तर बरोबर होतं.) प्रवेशासाठी मुलांची किंवा आईबापांची अशी चाळणी लावायची नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये सरळ लिहिलंय, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंडही आहे, म्हणून मग त्याला इंटरव्ह्यू नाही म्हणायचं, 'इंटरॅक्शन' म्हणायचं! असो. तिथे रेनकोटचं काय झालं तर पहिल्या आठवड्यातच तो काढून ऑफिसच्या कपाटात, कुलूप लावून. मग अ‍ॅपवर मेसेज, मग मीटिंग, मग 'बाकीच्या पेरेंट्सना डिस्टर्ब होतंय', मग एका मॅडमनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. घरी सगळं ठीक होतं हो, फक्त पोरगं शाळेचं नाव काढलं की पलंगाखाली जाऊन बसत होतं. चार रेघी वहीत कर्सिव्ह गिरवून बोटं दुखतात म्हणायचं ते वेगळंच.

तुमच्याकडे जूनमध्ये आलो तेव्हा मी सगळं भाषण पाठ करून आले होते, माफी, कारणं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. खाली बसलात आणि त्याला विचारलंत, 'तुझा रेनकोट कुठे बसणार?' त्याने खिडकीकडे बोट दाखवलं, तुम्ही 'बरं' म्हणालात, संपलं. दुसऱ्या दिवशी खिडकीशेजारी एक नवी खुंटी होती. बाकीच्या पोरांच्या दप्तराच्या खुंट्या दाराकडे, ही एकटीच इथे, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, बसल्या जागेवरून दिसेल अशी. वर बेडकाचं चित्र चिकटवलेलं. रेनकोट काढ असं तुम्ही म्हणालाच नाहीत. खुंटी दाखवलीत आणि चिकणमातीच्या टेबलाकडे निघून गेलात. थोड्या वेळाने यानेच काढून अडकवला, परत घातला, परत अडकवला, असं किती वेळ चाललं होतं ते मावशींनी मला हसत हसत सांगितलं.

एक खिळा ठोकायचा होता ताई! तेवढ्यासाठी आम्ही आख्खं वर्ष मीटिंगा केल्या होत्या.

आणि मग आषाढीची दिंडी. सगळे धोतर, टोपी, गळ्यात टाळ, आणि आमचा वारकरी वरून पिवळा रेनकोट चढवून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, फोटोग्राफर पण म्हणाला ह्याला जरा मागे घ्या. तुम्ही म्हणालात, 'वारीत पाऊस असतोच, प्लास्टिकचे कागद पांघरूनच चालतात माणसं, याचाच पोशाख खरा आहे,' आणि पुढच्या रांगेत उभा केलात. वॉचमन काका पण तुमच्यातलेच, रोज गेटवर सलाम ठोकून 'साहेब, आज हवामान खात्याचा अंदाज काय?' विचारायचे. हा गंभीरपणे आभाळाकडे बघून सांगायचा. बऱ्याचदा वेधशाळेपेक्षा बरं सांगायचा.

तुमच्या वर्गात बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचे फोटो आहेत, मला आधी वाटायचं असतात तसे भिंतीवर. मग पालकसभेत तुम्ही बोर्डीची गोष्ट सांगितलीत, १९४५ मध्ये तिथे काम सुरू झालं आणि वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, तीच अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी योजना आली १९७५ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. मी तेव्हा मागे बसून खिडकीजवळच्या खुंटीकडे बघत होते आणि शेजारच्या बाई विचारत होत्या की एबीसीडी कधी सुरू होणार.

तुम्ही त्यांनाही काही लागट बोलला नाहीत. मी बोलले असते. मला हेच कळत नाही, इतक्या पोरांचं नाक, चड्डी, भांडणं आणि वर आम्ही पालक, हे सगळं सांभाळून माणूस इतकं साधं कसं राहतं? आमच्या ऑफिसात एक फॉर्म चुकला तर लोक दिवसभर तोंड फुगवून बसतात. चांगलं वागायला ट्रेनिंग, बजेट, पॉलिसी लागते असं ज्यांना वाटतं त्यांना एक दिवस तुमच्या वर्गात कोपऱ्यात बसवायला पाहिजे, छोट्या खुर्चीवर.

बाय द वे, दिवाळीनंतर कधीतरी हा रेनकोट शाळेतच विसरून घरी आला. त्याला आठवण पण नव्हती, मीच वेड्यासारखी 'रेनकोट कुठाय' करत होते, तर मला म्हणतो, 'आई, ऊन आहे ना!'

आता जूनपासून पहिली, इमारत वेगळी, बाई वेगळ्या. तुम्ही परवा म्हणालात काळजी करू नका, मी बोलून ठेवलंय. काय बोलून ठेवलंय ते विचारलं नाही, तुम्ही बोललात म्हणजे झालं.

तुम्ही कुणाकडून भेटवस्तू घेत नाही हे माहितीये. पण उन्हाळ्याचं वाळवण झालंय घरी, थोड्या कुरडया आणि पोह्याचे पापड शनिवारी आणून देणार आहे, ही भेटवस्तू धरायची नाही. कुरडया सासूबाईंच्या हातच्या आहेत, बिनधास्त तळा. पापड माझे आहेत, ते आधी एकच तळून बघा.

तुमची,
रेनकोटवाल्याची आई