पोरीला शिंपल्यात घालायचं का?

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला. पोरगी बीएस्सी झूलॉजी झाली आन आता म्हणायलीय की काकासारखी शिंपल्यावर पीएचडी करते, आणि तू विचारायलास याच्यात स्कोप काय. दोन ओळीत उरकणारं नाही ते, म्हणून निवांत लिहायलोय.

मराठवाड्याला समुद्र कुठाय, हे मला अजून सगळे ऐकवतेत. माझा विषय ठरला तेव्हा आजीनं एवढंच विचारलं, ते खातेत का? म्हणलं कोकणात तिसऱ्या, कालवं लोक आवडीनं खातेत, म्हणूनच तर त्यात पाण्यातला विषारी धातू किती उतरलाय ते बघायचं. रत्नागिरीहून माल ओल्या पोत्यात घालून रात्रीच्या एसटीनं आणायचा, वासावरून कंडक्टरची कटकट वेगळी. शिंपले तोंड मिटून तग धरायचे, पण समुद्राचं पाणी कॅनमधी भरून आणावं लागायचं, आपल्या बोअरचं पाणी कितीबी खारट लागू दे शिंपल्याला ते गोडच.

आता तांब्याचं घे. मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतोस ना, त्यातलं मोरचूद म्हणजे तेच. टाकीत ते टाकलं की शिंपला आधी झाकण लावून घेतो, मग विष आत जाणार कसं? 96 तासांत निम्मे शिंपले मरायला पाण्यात किती विष लागतं तो आकडा म्हणजे एलसी फिफ्टी, आणि तो काढताना हा पठ्ठ्या बराच वेळ दार लावून बसलेला, मग आपण लिहून मोकळे की प्राणी सहनशील आहे! मेला का बघायला फटीत काडी लावायची, मिटला नाही तर गेला. मला विचारशील तर खडकाला चिकटणाऱ्या हिरव्या शिंपल्याचे दोरे मोजावेत, तांबं वाढलं की तो मरायच्या कितीतरी आधी दोरे कमी काढतो.

आणि कॅडमियम हा दुसरा विषारी धातू, त्याच्या पाण्यात ठेवलेला शिंपला तर मरतच नाही लवकर. मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन तयार करतो, धातू त्यात बांधून ठेवतो, महिनोन्‌महिने. त्याचं भागतं, खाणाऱ्याच्या ताटात येतं. जपानात मिनामाटाला कारखान्याचा पारा असाच मासे-शिंपल्यांतून माणसांत गेला, 1956 ला रोग उघडकीस आला. पुढं 1975 ला गोल्डबर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं मसल वॉचची कल्पना मांडली, मसल म्हणजे इंग्रजीत शिंपला, म्हणजे किनाऱ्यावरचे शिंपलेच तपासत राहायचे, पाणी रोज बदलतं पण शिंपल्यात साठलेलं राहतं. हे मला अजूनबी लई भारी वाटतं.

स्कोपचं खरं सांगू का, नोकरीचे वांधे आहेत. मी किती वर्षं तासिका तत्त्वावर काढली तुला माहितीच आहे. लॅबमधी धातू मोजायच्या एएएस मशीनला प्रत्येक धातूचा दिवा वेगळा, शिशाचा गेला की नवा येईस्तोवर शिसं बंद, आणि खरेदीची फाईल कुठं अडकते ते देवाला ठाऊक. वाळवलेलं मांस नायट्रिक ॲसिडमधी शिजवताना तांबडा धूर निघतो, तो सहन होत असेल तर पुढचं बोलू.

तिला म्हणावं आधी एमएस्सीला गोदावरीतल्या शिंपल्यावर छोटं डिझर्टेशन कर, पैठणला गाळात उतरून माल गोळा कर, तिथं खारं पाणीबी आणायला नको. तरी मन लागलं तर समुद्राचं बघू. दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये तिला, आन येताना गुळाची ढेप विसरू नको, मागच्या वेळेस नुसतं हो हो केलास.

तुझा,
सुध्या